सहावी खोबण

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, सायकली लावतात त्या भिंतीला लागून, डागडुजीची खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईला अख्खी कचेरी डिंकताई म्हणत असे. फुटलेलं काहीही तिच्या टेबलावर ठेवा, काही दिवसांनी अखंड घेऊन जा. तिला या नावाचा राग नव्हता. नावं ठेवणाऱ्यांच्या घरची कपबशी फुटली की ते रुमालात तुकडे बांधून मुकाट्याने तिच्याच दाराशी येत. "बाई, तुमच्या हाताला यश आहे," असं म्हणत, आणि ती आपल्या उजव्या हाताकडे बघून हसायची, जणू काही सगळं श्रेय त्याचं एकट्याचं.

त्या वर्षी संग्रहालयात जुन्या प्लॅस्टिकचं नवं दालन व्हायचं होतं. कंगवे, बटणं, टेलिफोन, पेनं, दाढीच्या ब्रशांच्या मुठी. यातलं काय उजेडात ठेवलं तर टिकेल, काय अंधारातच ठेवावं आणि कशाची आशाच सोडावी, हे ठरवायचं काम डिंकताईकडे आलं. प्लॅस्टिक म्हणजे कधी न मरणारी पीडा, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिचं कपाट उघडून बघावं. सुरुवातीच्या काळातली ती प्लॅस्टिकं माणसांसारखीच म्हातारी होतात. कुणी पिवळं पडतं, कुणाला घाम फुटतो, कुणी बाहेरून धडधाकट दिसतं आणि एक दिवस उचलायला जावं तर हातात भुगा येतो.

कोणती वस्तू कशाची, हे ओळखायची तिची रीत साधी होती. अंगठा वस्तूवर घासायचा, चांगला गरम होईपर्यंत, आणि लगेच हुंगायचा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. करपलेल्या दुधाचा आला तर केसीन, म्हणजे दुधाच्या चोथ्यापासून केलेलं. गंधकाचा आला तर एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर. पार्सलावरच्या मोहरेसारखा आला तर लाख. आणि दवाखान्याच्या फरशीचा आला तर बेकेलाइट. नवख्यांना हा पोरखेळ वाटायचा. तिचा अंगठा मात्र सहसा चुकत नसे.

माळ्यावरच्या गोदामातून तो खोका खाली आला तेव्हा तिला हर्षवायूच व्हायचा बाकी होता. लाकडी, सपाट, आतून जाड निळं मखमली कापड. त्यात पाच हात होते. बाईचे, उजवे, मनगटापर्यंतचे, एकाच साच्यातून काढलेले आणि पाच वेगवेगळ्या मालांचे. कुण्या कारखानदाराने, कोणता माल जास्त टिकतो ते बघायला, एकच आकार पाचही मालांत ओतून एकत्र ठेवला असावा. साचा तोच, खोका तोच, वर्षं तीच, फरक फक्त मालाचा. अशी तुलना मागून मिळत नाही. सेल्युलॉइडचा हात पिवळा पडून घामेजला होता आणि आतून चिरांच्या जाळीने भरला होता. केसीनच्या हातावर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा होत्या. एबोनाइटचा काळा रंग उडून हिरवट तपकिरी झाला होता. लाखेच्या हाताच्या नखांचे टवके उडाले होते. बेकेलाइट तेवढा जरा गडद होऊन ठणठणीत राहिला होता. खोक्यात सहावी खोबणही होती. ती रिकामी होती.

पाचही हातांची करंगळी जराशी बाहेर वाकलेली होती. पाचही हातांवर तर्जनीच्या बुडाशी चंद्रकोरीसारखा एक छोटा व्रण होता.

डिंकताईने आपला उजवा हात त्यांच्या शेजारी ठेवला. करंगळी तशीच. व्रण तिथेच, तेवढाच. तिला आधी हसू आलं.

"उस्ताद, इकडे ये जरा," तिने हाक मारली.

उस्ताद म्हणजे तिचा नवरा. बोळाच्या पलीकडे साचेखान्यात बसायचा. खऱ्या वस्तूंच्या नकला करायच्या आणि खरी वस्तू कुलपात ठेवून नक्कल लोकांना दाखवायची, हे त्याचं काम. प्लॅस्टरने माखलेले हात पुसत तो दारात आला. त्याने खोक्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे, आणि हसला. पण ते हसू जरा उशिरा आलं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला तेवढा उशीर लगेच कळतो.

"हात सगळे सारखेच असतात गं," तो म्हणाला.

"व्रणासकट?"

"साच्यात एकदा खोट राहिली की प्रत्येक नगावर ती येणारच." एवढं बोलून तो निघून गेला. तिने विचारलं होतं तिच्या व्रणाबद्दल आणि उत्तर मिळालं होतं साच्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परगावी गेला. तिथल्या संग्रहालयात त्याच्या नकला बसवायच्या होत्या, आठवडा तरी लागणार होता. जाताना दारातून म्हणाला, "हाताला तेल लावत जा रोज. विसरू नकोस." डागडुजीच्या रसायनांनी तिचे हात कोरडे पडत, म्हणून लग्नापासून रोज संध्याकाळी तोच तिच्या उजव्या हाताला अंगठ्याने, मनगटाकडून करंगळीकडे, तेल चोळून द्यायचा. बायका तिचा हेवा करत. कुणाचा नवरा पाणी भरून देतो, कुणाचा भाजी चिरून देतो, हिचा हात चोळून देतो, म्हणत.

खोलीत एकटीच असताना तिच्या डोक्यात एक जुनी गोष्ट घुटमळू लागली. लग्न ठरल्यावर उस्तादाने तिच्या उजव्या हाताचा प्लॅस्टरचा ठसा काढला होता. साचेवाल्यांची एक रीत असते. एकच नग काढायचा असेल तर साचा फोडायचा, आणि ज्याचा नग त्याच्या डोळ्यांदेखत फोडायचा. त्याने तसाच फोडला. "असा हात पुन्हा होणे नाही," म्हणाला. साच्याचे तुकडे तिनेच झाडून भरले होते. तो प्लॅस्टरचा हात अजून घरी पुस्तकांच्या कपाटावर उभा होता. या साचा फोडण्यावर तिने अख्खा संसार उभा केला होता म्हटलं तरी चालेल. भांडणं झाली, पैसे संपले, मूल झालं नाही, पण ज्या माणसाने तिच्यासाठी साचा फोडला तो तिला कधी फसवणार नाही, हे तिने धरून ठेवलं होतं.

आणि आता, डागडुजीत केस पांढरे झाल्यावर, तिच्या लक्षात आलं की नग हातात असला की साचा पुन्हा करता येतो. त्याच नगावरून. यात काही विद्या नाही, त्याचा तर तो रोजचाच धंदा. साचा फोडणं हे नुसतं नाटक. एवढं साधं आपल्याला इतकी वर्षं सुचू नये, याची तिला शरम वाटली. तिचा हात त्याने चोरून पुन्हा पुन्हा ओतला, जुना भासवला, आणि जुनी चीज म्हणून संग्रहालयाच्या गोदामात घुसवला. तिला रडू आलं नाही. 

तेव्हा पाचही हात नवे आहेत हे सिद्ध करायचं, असं तिने ठरवलं. प्रत्येकाच्या मनगटाखालून, दिसणार नाही अशा जागेवरून, नखाएवढी कपची काढायची आणि उष्ण, दमट पेटीत ठेवायची. नव्याचा आणि जुन्याचा स्वभाव तिथे लगेच उघडा पडतो. तिने बेकेलाइटचा हात पालथा घातला आणि बारीक सुरी उचलली.

उजवा हात मिटेना.

बोटं सुरीच्या मुठीभोवती आली आणि तिथेच थांबली. दुखत नव्हतं, मुंग्या नव्हत्या. नुसता ऐकत नव्हता. तिने सुरी खाली ठेवली, पेन्सिल उचलली, तर ती झटकन उचलली गेली. पुन्हा सुरी घेतली, पुन्हा तेच. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून तिने सुरी डाव्या हातात घेतली आणि वेड्यावाकड्या कपच्या काढल्या. सुरी चालत होती तेवढा वेळ उजवा हात टेबलावर पालथा पडून होता. तो जरा थरथरत होता.

पेटीतून निघालेल्या कपच्यांनी तिची निराशा केली. पाचही जुन्या होत्या, तिच्याहून जुन्या. सेल्युलॉइड नव्याने असं सडत नाही, त्याला दोन पिढ्या लागतात. एबोनाइटचा रंग खोलवर उडाला होता, तो वरवर घासून येत नाही. म्हणजे हे हात उस्तादाने केलेले नव्हते. ते केले गेले तेव्हा उस्ताद जन्मलाही नव्हता, आणि तीही नव्हती.

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण चोर नवरा तिला समजू शकत होता. हे समजत नव्हतं.

ती दरवानाकडे गेली. दरवानकाका या इमारतीत सगळ्यांत जुने, निवृत्तीनंतरही सवयीने येऊन फाटकाशी बसणारे. तिने खोक्याचं वर्णन केलं.

"तो होय! माझ्या बापानेसुद्धा पुसलाय तो खोका," काका म्हणाले. "सहा हात आहेत ना त्यात?"

"पाच."

"सहा हो. मी स्वतः धूळ झटकलीये. एक उस्तादांनी नेला होता दुरुस्तीला. तुम्ही इथे यायच्या आधीची गोष्ट, त्यांचं लग्न व्हायचं होतं त्या सुमाराची. मला वाटलं, ठेवला असेल परत."

"सहावा कशाचा होता, काका? काळा, पिवळा?"

काकांनी बराच वेळ फाटकाबाहेर पाहिलं. "रंग नाही आठवत. पण तो इतरांसारखा गार लागायचा नाही, बाई. मी त्याला हात लावायचं टाळायचो." मग घाईघाईने म्हणाले, "म्हाताऱ्याचं काही मनावर घेऊ नका."

खोलीत परतून तिने खोका उघडला. सहाव्या खोबणीतलं मखमल इतरांपेक्षा उजळ होतं, जास्त वापरलेलं नव्हतं. तिने आपला उजवा हात त्यात ठेवला. हाताने जागा शोधली नाही. तो सरळ जाऊन बसला, करंगळी तिच्या वळणात, अंगठा त्याच्या वळणात, आणि तिथे बसल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की तिने घाबरून तो डाव्या हाताने ओढून काढला.

संध्याकाळी फोन वाजला. उस्ताद होता.

"तेल लावतेस ना?"

"लावते," ती खोटं बोलली. त्याच्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि जीभ जराही अडखळली नाही.

फोन ठेवला तसा तिने थोरल्या बहिणीला लावला. ताई तिच्याहून बरीच मोठी, आईच्या मागे तिनेच हिला वाढवलेलं.

"ताई, माझ्या हातावरचा तो व्रण गं, डब्याचं झाकण लागलेलं. तेव्हा मी केवढी होते?"

"कसला व्रण?"

"उजव्या हाताचा. पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडताना कापलं होतं बघ. टाके पडले होते."

"काहीतरीच काय! तुझ्या हाताला कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. भित्री भागूबाई तू, सुईला हात लावायची नाहीस. बटणसुद्धा मी लावून द्यायचे तुला." ताई हसली. "लग्नानंतर एकदम कशी एवढी हातकामात वाकबगार झालीस, तेच आम्हाला कळलं नाही. आम्ही म्हणायचो, नवऱ्याचा गुण लागला."

तिने फोन ठेवला आणि ते झाकण आठवायचा प्रयत्न केला. रक्त, आईची धावपळ, टाक्यांचं दुखणं. काहीच आठवेना. आठवत होता तो फक्त उस्तादाचा आवाज. पाहुणे आले की तोच ही गोष्ट रंगवून सांगायचा. "आमची ही लहानपणी डब्याचं झाकण उघडायला गेली..." दरवेळी ती शेजारी बसून मान डोलवायची. स्वतःची जखम तिने त्याच्या तोंडून ऐकून पाठ केली होती.

कपाटावरचा प्लॅस्टरचा हात तिने खाली काढला. इतकी वर्षं तो ती पुसत आली होती आणि पुसताना त्याच्याकडे कोण बघतं? आता तिने दिव्याखाली धरून पाहिलं. प्लॅस्टर काही विसरत नाही, नखांवरच्या रेघासुद्धा नाही. त्या हाताची करंगळी सरळ होती. तर्जनीच्या बुडाशी काहीही नव्हतं. नितळ, जरासा भित्रा, नवख्या मुलीचा हात.

तो तिचा हात होता.

ती जमिनीवर बसली आणि त्या प्लॅस्टरला उराशी धरून रडली. तो साचा फुटण्याचा आवाज, ते तुकडे, ते "असा हात पुन्हा होणे नाही." तो खोटं बोलला नव्हता. तो अगदी खरं तेच बोलला होता, आणि ती ते प्रेम समजली होती.

पुढचे दिवस ती कामावर गेली नाही. हाताला तेलही लावलं नाही. उजव्या हाताने जेवायची तिला किळस येऊ लागली, ती डाव्याने जेवे. "डिंकताईला विचार," असं लोक ज्या हाताच्या जोरावर म्हणायचे, तो हात तिच्या मांडीवर मांजरासारखा निवांत पडून असे.

उस्ताद यायच्या दिवशी, दुपारच्या तिरप्या उन्हात, तिला ती रेघ दिसली.

साच्याचे दोन अर्धे भाग जिथे मिळतात तिथे नगावर एक बारीक रेघ उमटते. ती कानशीने घासतात, मग खरखरीत कागदाने, मग तेल लावून अंगठ्याने, मनगटाकडून करंगळीकडे, नेहमी त्याच दिशेने. कितीही घासली तरी काही मालांत ती पुन्हा वर येते. उस्तादानेच तिला हे शिकवलं होतं.

रेघ तिच्या तळहाताच्या कडेने गेली होती. मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत.

तिने भिंग लावलं. मग भिंग खाली ठेवलं.

डाव्या हाताचा अंगठा तिने त्या कडेवर घासला, चांगला गरम होईपर्यंत. हुंगला. कापूर नव्हता. दूध नव्हतं, गंधक, लाख, दवाखाना, काहीच नव्हतं. पण वास होता. ओळखीचा, रोजचा, उशीला येतो तसा. आजवर ती त्याला स्वतःचा समजत आली होती.

दिवेलागणीला दार वाजलं. उस्तादाने पिशवी कोपऱ्यात ठेवली, पाय धुतले. टेबलावर प्लॅस्टरचा हात त्याला दिसला असणार. त्याने तो उचलून नीट कपाटावर ठेवला, तोंड भिंतीकडे करून.

"कुणाचा हात आहे हा, माझ्या मनगटाला?" तिने विचारलं. उजवा हात तिने डाव्याने मांडीवर घट्ट दाबून धरला होता.

तो कपाटावरची धूळ बोटाने पुसत राहिला.

"माझा कुठे आहे?"

"ते पाचही बघितलेस ना तू," तो शेवटी म्हणाला. आवाज मऊ होता, नेहमीचाच. "कुणाला घाम फुटला, कुणाला भेगा पडल्या. बेकेलाइटसुद्धा काळवंडला. आणि हा बघ. नवाच्या नवा." मग तिच्या उजव्या हाताकडे बघत, "वापरात असला की टिकतो गं. खोक्यात नाही टिकत."

"मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता रे."

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खरं होतं, हेच तिला सहन होईना.

त्याने तेलाची वाटी घेतली. खुर्ची तिच्यासमोर ओढली. रोजच्यासारखा बसला आणि आपला तळवा पुढे केला.

"नाही," ती म्हणाली. तिने डाव्या हाताची पकड आणखी आवळली. नखं रुतेपर्यंत.

उस्तादाने ओढलं नाही. नुसता तळवा पसरून वाट बघत राहिला.

तिच्या पकडीतून उजवा हात हलकेच सुटला. आधी करंगळी, मग बाकीची बोटं. टेबल ओलांडून तो त्याच्या तळव्यात गेला, आणि रेघ वर येईल असा कुशीवर वळून स्वस्थ पडला.